तिसऱ्या मजल्यावरचे दिवंगत

निबंध जेमतेम दोन पानांचा होता. तरी तपासनिसांनी लाल पेनाचं टोपण काढल्याचा आवाज झाला, तशी त्यांच्या बायकोनं स्वयंपाकघरातून हाक दिली, "अहो, जपून! पोरगी सतरा वर्षांची आहे. तिला अजून पुष्कळ जगायचंय."

तपासनिसांनी लक्ष दिलं नाही. एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. आपल्या नजरेतून चूक सुटत नाही, असं ते स्वतःच सांगत. दुसरं कोणी सांगेना म्हणून त्यांनाच सांगावं लागे. निवृत्त होऊन आठ महिन्यांपूर्वी ते या इमारतीत राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात जिन्यातल्या 'येथे कचरा टाकु नये' या पाटीचा उकार त्यांनी स्वखर्चानं दीर्घ केला. कचरा पडायचा तो पडतच राहिला, पण तेव्हापासून सगळी इमारत त्यांना तपासनीस म्हणू लागली. हे नाव आपल्याला मानानं दिलेलं आहे, असा त्यांचा बरेच दिवस समज होता.

समोर बसलेली मुलगी तिसऱ्या मजल्यावरची. बारावीला होती. तिची आई घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. मुलीला हवामानशास्त्र शिकायचं होतं, पण ते कॉलेज दुसऱ्या गावात, आणि फी आणि वसतिगृह मिळून घराच्या आवाक्याबाहेर. एक शिक्षणनिधी होता. हुशार आणि गरजू मुलांची तीन वर्षांची फी तो भरायचा. त्यासाठी अर्ज, गुणपत्रिका आणि 'माझ्या शिक्षणातली अडचण' या विषयावर स्वतः लिहिलेला निबंध, एवढं द्यायचं होतं.

"आजोबा, फक्त शुद्धलेखन बघा हं," मुलगी म्हणाली. "बाकी राहू द्या."

"बाकी राहू द्या म्हणजे? पोरी, निबंध म्हणजे काय पाटी आहे?"

त्यांनी वाचायला सुरुवात केली. मुलीनं साधं, सरळ लिहिलं होतं. 'मी नववीत असताना बाबा गेले. त्याच वर्षी आजी आजारी पडली आणि साठवलेलं सगळं तिच्या औषधपाण्यात संपलं. आई एकटीच सगळं बघते. बाबा गेल्यापासून मला रोज आभाळाकडे बघायची सवय लागली. बाबा आहेत तिथे आत्ता कसं असेल, असं मनात येतं. त्यातूनच मला हवामानाची गोडी लागली.'

तपासनिसांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

खरं तर त्यांना हे माहीत होतं, म्हणजे आपल्याला माहीत आहे असं त्यांना वाटत होतं. तिसऱ्या मजल्यावर शिरलं की समोरच्या भिंतीवर एका धिप्पाड, मिशाळ माणसाचा फोटो होता. तपासनीस कधी कामानिमित्त वर गेले, की त्या फोटोपुढे क्षणभर मान खाली घालून उभे राहत. एकदा तर त्यांनी मुलीच्या आईचं सांत्वनही केलं होतं. "गेलेला माणूस परत येत नाही, वहिनी. मन घट्ट करायचं."

"येतील हो," वहिनी मशीन थांबवून म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्यात येतो म्हणालेत."

बिचारीनं अजून मनानं स्वीकारलेलं नाही, अशी समजूत करून घेऊन तपासनीस जड पावलांनी खाली आले होते.

तर आता त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं आणि काळं घेतलं. हे तपासायचं काम नव्हतं, लिहायचं होतं. तासाभरात त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात अख्खा निबंध नव्यानं उतरवला आणि मुलीला मोठ्यानं वाचून दाखवला. "'नियतीच्या निष्ठुर घाल्याने माझे पितृछत्र हरपले. संसाराचा गाडा ओढताना माझ्या माउलीचे अश्रूही आटले. माझे दिवंगत वडील अनंताच्या प्रवासाला निघून गेले, आणि तेव्हापासून मी नभांगणात त्यांचा प्रेमळ चेहरा शोधू लागले...'"

इथे त्यांना हुंदका आवरेना. बायको ओट्याजवळून डोकावून गेली. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

"कसा वाटला?" नाक पुसत त्यांनी विचारलं.

"छान आहे, आजोबा."

"एवढंच?"

मुलीनं जरा विचार केला. "खूप शुद्ध आहे."

यापेक्षा मोठी पावती तपासनिसांना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी दोन्ही कागद, तिचा आणि आपला, तिच्या हाती दिले आणि सांगितलं, "आपला तो अर्जाला जोड. तुझा तो जपून ठेव. पुढे मोठी झालीस की बघ, कुठून कुठे आलीस ते."

मुलगी मान डोलावून गेली. दोन महिने गेले. तिची परीक्षा सुरू झाली, आणि एका दुपारी तपासनिसांच्या दारावरची घंटा वाजली.

दारात एक धिप्पाड, मिशाळ माणूस उभा होता. खांद्याला भली मोठी बॅग.

"काका, आमच्या घराला कुलूप आहे. किल्ली तुमच्याकडे असते असं ही म्हणाली होती."

"ही म्हणजे कोण?"

"माझी बायको. तिसरा मजला."

तपासनिसांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ झाला, पण माणूस काही पुसला गेला नाही.

"तुम्ही..." ते म्हणाले, "तुम्ही गेला होतात ना?"

"हो ना. यंदा दहा महिने झाले."

"आणि आलात?"

"कंत्राट संपलं, आलो. बोटीवर फिटर आहे मी. मालवाहू बोट. ही बोलली नाही का तुम्हाला?"

तपासनिसांनी किल्ली दिली. देताना त्यांनी त्या माणसाचा हात मुद्दाम जरा जास्त वेळ धरून बघितला. हात चांगला गरम होता.

दार लावून ते थेट स्वयंपाकघरात गेले. "तुला माहीत होतं, ते वरचे जिवंत आहेत?"

"म्हणजे काय! दर रविवारी फोन येतो त्यांचा. जिन्यापर्यंत ऐकू येतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"अहो, जिवंत माणूस जिवंत आहे, असं कोणी सांगत फिरतं का?"

तपासनीस स्टुलावर बसले आणि त्यांनी निबंधाचं सगळं सांगितलं. बायकोनं गॅस बंद केला. "थोडक्यात, तुम्ही चांगल्या धडधाकट माणसाला मारलंत. तेही शुद्ध भाषेत."

"गंमत नाही ही! खोटी माहिती दिली तर अर्ज रद्द करतात. तसं छापलंय अर्जावर. पोरीचं कॉलेज जाईल माझ्यामुळे."

"मग तिला सांगा जाऊन."

"परीक्षा चालू आहे तिची. आत्ता सांगितलं तर पेपरात काय लिहील ती?"

"तुम्ही लिहिलंत त्यापेक्षा बरं लिहील," बायको म्हणाली.

तरी संध्याकाळी जिन्यात मुलगी भेटली, तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. "काय गं, निबंध दिला होतास ना?"

"दिला की आजोबा, तेव्हाच."

पोरगी गुणाची. आजोबांचा शब्द कसा मोडायचा म्हणून, खोटं आहे हे दिसत असूनही, बिचारीनं बापाला निमूटपणे स्वर्गात धाडलं असणार. कोणता निबंध दिलास, हे विचारायचं त्यांना सुचलंही नाही. आपला निबंध हातात असताना कोणी दुसरा देईल, ही शक्यता त्यांच्या डोक्यात शिरणं अवघडच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते शिक्षणनिधीच्या कार्यालयात हजर झाले. खिडकीमागे एक बाई शिक्के मारत होत्या.

"एका अर्जात छोटीशी दुरुस्ती करायची होती," तपासनीस म्हणाले.

"काय दुरुस्ती?"

"एकच शब्द. 'दिवंगत' काढायचा."

बाईंचा शिक्का हवेतच थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे अर्जात मुलीचे वडील दिवंगत आहेत, ते प्रत्यक्षात नाहीत."

"नाहीत म्हणजे? गेलेत ना?"

"गेले होते. आता आलेत."

बाईंनी शिक्का खाली ठेवला. "कोणत्या मुलीचा अर्ज? नाव सांगा, काढते."

आणि इथे तपासनीस अडकले. नाव सांगितलं की संपलंच. हीच ती खोटारडी, म्हणून बाई लाल शेरा मारणार. लाल शेऱ्याची ताकद त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती?

"नाव नाही सांगता येणार," ते म्हणाले.

"तीनशे अर्ज आहेत, आजोबा. नाव न सांगता कोणाचा बाप जिवंत करू मी?"

"नाही का होणार काही? सगळ्यांचेच दिवंगत काढले तर?"

"काहींचे खरंच गेलेत!" बाई जवळजवळ ओरडल्या. रांगेतले चारपाच जण वळून बघू लागले. तपासनिसांनी छत्री उचलली आणि "राहू द्या, मी नंतर येतो" असं पुटपुटत काढता पाय घेतला. बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की छत्री आपली नव्हती. परत जायची मात्र त्यांची छाती झाली नाही.

पंधरा दिवसांनी परीक्षा संपली आणि मुलगी उड्या मारत खाली आली. हातात पत्र. "आजोबा, पहिल्या यादीत माझं नाव आलं! रविवारी अकरा वाजता निधीच्या मॅडम घरी येणार आहेत. दरवर्षी नाही येत, असं ऑफिसातल्या बाई फोनवर म्हणाल्या. यंदा कोणीतरी ऑफिसात येऊन सांगून गेलं की एका मुलीनं जिवंत वडिलांना मेलेलं दाखवलंय. म्हणून सगळ्यांच्याच घरी जाऊन बघणार आहेत."

"कोण गेलं होतं सांगायला?" तपासनिसांच्या बायकोनं नवऱ्याकडे बघत विचारलं.

"कोणीतरी म्हातारे गृहस्थ होते. जाताना दुसऱ्याची छत्री घेऊन गेले."

तपासनिसांनी दाराआड टांगलेल्या छत्रीपुढे आपली पाठ केली.

आता एकच मार्ग उरला, असं त्यांना वाटलं. रविवारी अकराच्या सुमाराला मुलीचा बाप घरात दिसता कामा नये. शनिवारी त्यांनी त्याला जिन्यात गाठून, उद्या जरा चष्म्याच्या दुकानात सोबत येता का, म्हणून विचारून पाहिलं. पण तो म्हणाला, "काका, दहा महिन्यांनी घरी आलोय. उद्या पोरीच्या मॅडम येणार आहेत. मी नवा शर्टसुद्धा इस्त्री करून ठेवलाय."

नवा शर्ट म्हटल्यावर तपासनिसांना अपराधी वाटलं, पण बेत काही त्यांनी सोडला नाही. माणूस फिटर होता. फिटरला काय सोडवत नसतं? गळका नळ. आणि तपासनिसांच्या घरात बेसिनखाली एक नळ होता. तो गळत नव्हता, ही अडचण काही मोठी नव्हती.

रविवारी साडेदहाला बायको भाजी आणायला गेली, तसे ते पाना घेऊन बेसिनखाली वाकले. जरासाच ढिला करायचा होता. पण आयुष्यभर हाती पेनच धरलेलं. पान्याला किती जोर लावायचा, याचा अंदाज कुठून असणार? एक वळण दिलं, काही झालं नाही. दुसरं दिलं, काही झालं नाही. तिसऱ्याला नळ समूळ हातात आला आणि पाण्याची धार थेट त्यांच्या चष्म्यावर बसली.

"धावा!" ते जिन्यात येऊन ओरडले. हे ओरडणं बेतात होतंच, पण इतकं मनापासून होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

वरून मुलीचा बाप इस्त्रीच्या नव्या शर्टात धावत आला. "मेन कॉक कुठाय?"

"कोण?"

"अहो, सगळं पाणी बंद करायचा कॉक!"

"मला काय माहीत? मी भाषेचा माणूस!"

बापानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि तो बेसिनखाली घुसला. पाण्यानं तोवर स्वयंपाकघर व्यापलं, बाहेरची खोली व्यापली, उंबरा ओलांडला आणि ते जिन्याच्या पायऱ्या एकेक करून उतरू लागलं. नेमक्या त्याच वेळी त्या पायऱ्यांवरून साठीच्या एक बाई, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात चपला घेऊन, जपून वर येत होत्या. तपासनिसांच्या दारात येऊन त्या थांबल्या.

"तिसरा मजला याच्या वरच ना? मी शिक्षणनिधीकडून आलेय."

बेसिनखालून नखशिखांत भिजलेला बाप बाहेर आला. मिशांतून पाणी ठिबकत होतं. "या या, मॅडम! माझ्याच पोरीकडे आलात तुम्ही. मी तिचा..."

"काका!" तपासनीस किंचाळले. "हे काका आहेत तिचे!"

"काका तुम्ही," बाप चकित होऊन म्हणाला. "मी बाबा."

"नाही हो, मॅडम! ते बाबांसारखे दिसतात, पण काका आहेत. लांबचे!"

"मी कशाला लांबचा असेन? तिच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात मीच होतो!"

मॅडमनी शांतपणे एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. आवाज ऐकून मुलगी वरून धावत आली आणि शेवटच्या पायरीवर घसरता घसरता वाचली. तिनं बापाचा ओला शर्ट बघितला, तपासनिसांच्या हातातला नळ बघितला. "बाबा, काय झालं?"

'बाबा' हा शब्द जिन्यात घुमला. तपासनिसांच्या हातून नळ खाली पडला. ते घोटाभर पाण्यात उभे होते, चष्म्यावर थेंब होते, आणि समोर ज्या मुलीचं कॉलेज त्यांच्या हातून बुडायच्या बेतात होतं, ती उभी होती. आता मात्र त्यांना आणखी एक शब्द रचावासा वाटला नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "मुलीची काही चूक नाही. तिच्या बापाला मी मारलं."

बाप एक पाऊल मागे सरकला.

"निबंधात!" तपासनीस घाईघाईनं म्हणाले. "तिनं लिहिलं होतं, बाबा गेले. मला वाटलं, गेलेच. मी शहानिशा केली नाही. 'पितृछत्र हरपले' असं लिहिलं. 'दिवंगत' लिहिलं. ऑफिसात छत्रीवाला आलेला, तोही मीच. हा नळसुद्धा मीच काढला, हे तुमच्यासमोर येऊ नयेत म्हणून. हवं तर माझ्यावर काय ती कारवाई करा. पण पोरीचा अर्ज रद्द करू नका. ती खरंच हुशार आहे. तिचा मूळ निबंध माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला होता, पण मला तो कळलाच नाही."

मॅडमनी चपला भिंतीशी ठेवल्या, फाइल उघडली, एक कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. "'मी नववीत असताना बाबा बोटीवर गेले. त्याच वर्षी आजी आजारी पडली... बाबा गेल्यापासून मला रोज आभाळाकडे बघायची सवय लागली...' याच्यात कोणीही मेलेलं नाही, आजोबा."

तपासनिसांनी कागदाकडे बघितलं. अक्षर त्यांचं नव्हतं. मुलीचं होतं.

"तू माझा दिलाच नाहीस?"

"नाही, आजोबा."

"का?"

"त्यात बाबा मेले होते ना," मुलगी संकोचून म्हणाली.

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तुम्ही वाचता वाचता रडत होतात. मला वाटलं, राहू दे. बाबा आले की तुम्हाला आपोआप कळेल." मग ती घाईघाईनं म्हणाली, "पण तुमचा उपयोग झाला, आजोबा. तुमचा गोंधळ झाला म्हणजे त्यांचाही होईल, असं मला वाटलं. म्हणून मी 'बोटीवर' हा शब्द घातला. आधी नव्हता तो."

चौतीस वर्षांच्या सेवेत एखाद्या लिखाणाला आपल्यामुळे इतकी नेमकी दुरुस्ती लाभल्याचं तपासनिसांना आठवेना. फक्त ती त्यांनी केलेली नव्हती.

बाप मात्र आत्ता कुठे हिशोब लावत होता. "म्हणजे काका, मी आलो त्या दिवशी तुम्ही माझा हात एवढा वेळ धरून ठेवला होतात, तो..."

"खात्री करत होतो," तपासनीस म्हणाले.

बाप असा काही हसला, की खालच्या मजल्यावरची दारं उघडली. तेवढ्यात भाजीच्या पिशव्या घेऊन तपासनिसांची बायको वर आली. तिनं जिन्यातलं पाणी, उंबऱ्यातला नळ आणि नवऱ्याचा चेहरा यांची या क्रमानं पाहणी केली आणि काही न विचारता पदर खोचून झाडू घेतला. मग मॅडमसकट सगळ्यांनी मिळून पाणी काढलं. बापानं सात मिनिटांत नळ बसवला. मॅडमनी तिथेच, तपासनिसांच्या ओल्या खुर्चीवर बसून, घरची पाहणी पूर्ण झाल्याची सही केली आणि चहा घेतला.

मुलीला निधी मिळाला. बारावीतही ती चांगल्या गुणांनी सुटली आणि हवामानशास्त्राच्या कॉलेजात गेली. हा सगळा प्रसंग तपासनीस स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि नळ हातात आला तिथे पोचले की इतके हसत, की पुढचं बायकोला सांगावं लागे.

पण मॅडम त्यांना विसरल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी अर्जांचे दिवस आले, तसा त्यांचा फोन आला. "आजोबा, दरवर्षी पन्नासेक निबंध असे येतात की ते मुलांचे नसतात. घरातल्या कोणा मोठ्या माणसानं लिहून दिलेले असतात. नियती, घाला, माउली, अश्रू. आम्हाला ओळखताना त्रास होतो. तुम्हाला कसे, एका नजरेत ओळखू येतील."

"मला का?" तपासनिसांनी विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना उत्तर कळलं.

निबंधांचा गठ्ठा घरी आला. नावं, वयं झाकलेली, नुसते क्रमांक. अट एवढीच की काही दुरुस्त करायचं नाही, फक्त संशय असेल तिथे शेरा द्यायचा. लाल पेन बायकोनं आधीच काढून घेतलं होतं. तपासनिसांनी शिसपेन्सिलीनं काम सुरू केलं आणि आठवडाभरात चाळीस चोर पकडले. एका निबंधात एकाच मुलाचे वडील पहिल्या पानावर निवर्तले होते आणि दुसऱ्यावर 'वटवृक्षासारखे पाठीशी उभे' होते. तपासनिसांनी त्याला सहानुभूतीनं शेरा दिला.

मग आला क्रमांक एकशे सतरा. त्यात नियती नव्हती, अश्रू नव्हते. भाषा साधी होती, पण लिहिणारं माणूस कोवळं नाही हे तपासनिसांनी दुसऱ्याच ओळीत ताडलं. 'कामावरून आल्यावर पुस्तक उघडते, तेव्हा अक्षरं नीट दिसायला जरा वेळ लागतो. एकदा वाचलेलं पूर्वीसारखं लक्षात राहत नाही, म्हणून मी तीनदा वाचते.' सतरा वर्षांच्या पोरीला कुठलं आलंय 'पूर्वीसारखं'? तपासनिसांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि ठाम अक्षरात लिहिलं: 'हा निबंध प्रौढ व्यक्तीने लिहिलेला आहे. शंकेला जागा नाही.'

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला.

"आजोबा, एकशे सतराबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी बरोबर आहे."

"मी म्हटलं नव्हतं?" तपासनीस खुर्चीत ताठ झाले. "पहिल्याच परिच्छेदात पकडलं मी."

"प्रौढ व्यक्तीनंच लिहिलाय. त्या एक्कावन्न वर्षांच्या आहेत. एका दवाखान्यात सफाईचं काम करतात. बारावी अर्धवट राहिली होती, ती आता पूर्ण करून त्यांना नर्सिंगला जायचंय. अर्ज त्यांचा स्वतःचाच आहे."

तपासनिसांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, "त्यांना मिळेल ना निधी?"

"मिळेल. तुमचा शेरा तेवढा खोडायचा का?"

"मीच येतो खोडायला," तपासनीस म्हणाले आणि फोन ठेवला.

बायको हात पुसत बाहेर आली. "काय झालं?"

"एक चूक सापडली."

"कोणाची?"

तपासनिसांनी उठून खोडरबर शोधायला सुरुवात केली.

"नेहमीच्याच माणसाची," ते म्हणाले.